शनिवारची चिठ्ठी

एकोणचाळीस वर्षं मी टपाल वाटलं
या एकाच रस्त्यावर. गावाला दुसरा रस्ताच नाही.
एका अंगाला चूद सरोवर, एका अंगाला कांद्याचे उंच वाफे,
मधे आम्ही, जुन्या श्रद्धेचे,
दोन बोटांनी क्रूस करणारे
उरलेले एकसष्ट.
आता एकोणसाठ.

सव्वाती जाळ्यांच्या खोपीत सापडला,
डावा बूट उजव्या पायात.
त्रिफोन रविवारी, न्हाणीघरात, धुरानं.
तार्तूहून आलेला ऊर्मास म्हणाला, म्हातारी माणसं, आजी,
घसरतात, धुराड्याचं झाकण विसरतात.
मी म्हटलं, बाळा, जन्मभर पहाटे तीनला उठून मासे काढणारा
काळोखातसुद्धा पाय चुकत नाही.
त्यानं वहीत काहीतरी टिपलं. बहुधा माझं वय.

मग मीच निघाले, जुनी पिशवी खांद्याला लावून.
रिकामी असली तरी पिशवी बघून दारं उघडतात.
सात घरी चिकोरीचा काढा प्याले.
कुणाचं कुणाशी वाकडं, ते मला पाठच आहे;
कुणाचं कुणाशी एकाएकी सरळ झालंय, ते हवं होतं.

प्रार्थनाघरातलं मेण खरवडायचं काम माझं.
संत निकोलाची पाटी होती तिथेच होती,
काजळी तशीच, भेगसुद्धा तशीच.
पण ओठ टेकून टेकून झिजलेला तो कोपरा
कुणीतरी नुसता रंगवला होता.
त्याला रोज ओठ लावणारे आम्ही तिघंच,
सव्वाती, त्रिफोन
आणि मी.

मृतांच्या नावांच्या चिठ्ठ्या पेटीत पडतात.
वाचक झिनोव्हीचे डोळे गेलेत, तो पाठ असलेलंच वाचतो,
म्हणून एक चिठ्ठी कुणी वाचलीच नाही.
सव्वाती. खाली त्रिफोन.
पेटीला कुलूप शनिवारी तिन्हीसांजेला लागतं,
आणि त्या वेळी त्रिफोन माझ्या कुंपणाशी
कांद्याच्या भावावरून तावातावानं भांडत होता.

अक्षर ओळखायला चष्मा लागला नाही.
ओळीखाली लोंबणारी ती शेपटी
महिन्याला एकदा हेलसिंकीतल्या नातवाच्या पाकिटावर
मीच तर तोलून पाठवायचे.
किलिना. प्रार्थनेत माझ्या डाव्या हाताला उभी राहणारी.
माझ्या लग्नात माझे केस विंचरले ते तिनंच.

त्रिफोनच्या खाली अजून एक नाव होतं.
फेतिन्या.
लिहून, मग इतकं गिरवून खोडलेलं
की कागद फाटला होता.

ऊर्मासला फोन केला. तासाभरात पोचतो म्हणाला.
किलिना ओट्यावर कांद्यांच्या वेण्या घालत होती.
सरकून तिनं जागा केली. मीही पात हातात घेतली.
दोघींच्या डोळ्यांत पाणी,
आणि वाळलेला कांदा झोंबत नाही
हे दोघींना माहीत.

बऱ्याच वेळानं म्हणाली, "काढा ठेवू?"
"ठेव," मी म्हटलं.
"पण पहिला घोट तू घे."