तीन दहाची

नकाशावर गेर्त्रूदा पिकाचं घर जांभळ्यात पडतं,
पंचाहत्तरच्या वर.

रंग मी भरले. म्हणजे प्रोग्रामनं भरले;
मी नुसते रूळ दिले, कोळशाच्या वाघिणी,
कोक भट्टीचे पंखे, भिंतींची उंची.
कान जमिनीपासून चार मीटरवर धरायचा, असा नियम.

"चार मीटरवर कोण झोपतं?"
तिची खाट तळमजल्यावर, उशी रुळांकडे.

मी समजावू लागलो:
वर्षाचा सगळा आवाज घ्यायचा,
पावावरच्या लोण्यासारखा पातळ पसरायचा,
रात्रीच्या वाट्याला दहा डेसिबल जास्तीचे,
दंड म्हणून.

"आणि तो भरतं कोण?"
बशीतलं केकचं टोक तिनं माझ्याकडे सरकवलं.
"सरासरी मी कधी ऐकली नाही, बाळा.
मला ऐकू येते ती तीन दहाची."

बोलता बोलता शेवटची ट्राम गेली.
राहिलो सोफ्यावर,
बूट पायातच.

तीन वाजून सहा मिनिटं.
झाब्झे गप्प.
कपाटातले पेले अजून एकमेकांना शिवले नव्हते,
आणि आतल्या खोलीत खाट करकरली:
झोपेतच तिनं कूस बदलली,
उशी ओढून घेतली कानावर.

गाडी अजून बिस्कुपित्सेलाही पोचली नव्हती.