अष्टमीचं पाणी

नाल्यातून काळं पाणी उतरायला लागलं
तेव्हाच ठरलं, पिंजरा हलवायचा.
सोळा जिताडे उलटे तरंगताना मी मोजले.
सतरावा बाबांनी माझ्यापासून लपवला.

भांगाची वाट बघितली पाच दिवस.
उधाणात नेला तर जाळं पोटात फाटतं,
सुकतीला नेला तर तळ गाळात बसतो.
अष्टमीचं पाणी बरं. त्याला घाई नसते.

पहाटे सारसोळेहून दोन होड्या निघाल्या,
एक बाबांची, एक पदाजीकाकाची.
मागे पिंजरा, त्याच्या दोन कोपऱ्यांना दोघांचे दोर,
आणि मधे सात वर्षांचा अबोला.

होड्या सारख्या चालल्या पाहिजेत.
एक वल्हं जास्त पडलं की चौकट तिरकी होते,
दोनशे मासे एकाच भिंतीला चेपले जातात.
म्हणून मला बसवलेलं निळ्या पिंपांवर,
बांबूला धरून, नजर खाली.

"त्याला सांग, हलू."
"काका, हलू."
"त्याला सांग, मी हलूच हाय."
"बाबा, काका हलूच हाय."

साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर आता सात मजले उभे आहेत.
खाली मेडिकल, वर कुणाकुणाचे वाळत घातलेले कपडे.
त्या कागदावर दोघांच्या सह्या आहेत, शेजारी शेजारी.
त्यानंतर इतक्या जवळ ते आले नाहीत.
आजही मधे वीस हात पाणी होतंच.

पलीकडे पामबीचवर गाड्या ऑफिसला चालल्या होत्या.
आम्ही तासाभरात एका बसस्टॉपपासून
दुसऱ्या बसस्टॉपपर्यंत गेलो असू.
खाली मासे गोल गोल फिरत होते.
घर निघालंय हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

नव्या जागी चार नांगर टाकायचे.
तीन बसले.
चौथा चिखलात धरेना, सरकत राहिला,
पिंजरा एका अंगाने ट्रॉम्बेच्या डोंगराकडे वळायला लागला.
बाबांचे तळहात सोलले.
मला कुणी काही सांग म्हणालं नाही.
काकाने होडी आडवी घातली
आणि दोराचं मागचं टोक घेतलं.

एका दोरावर चार हात.
पाठी सारख्या वाकलेल्या,
उजवा खांदा दोघांचाही जरा खालीच.
हे मला आधी कधी दिसलं नव्हतं.

"धरला," काका म्हणाला. पाण्याला.
"धरला," बाबांनीही पाण्यालाच सांगितलं.

मग काकाने इंजिन लावलं, पुढे निघून गेला.
त्याच्या लाटेने आमची होडी थोडा वेळ डुलली.

रात्री बाबा हाताला हळद लावून बसलेले.
मी विचारलं, उद्या खाद्य टाकायला कोण जाणार?
"त्याला सांग," म्हणाले,
आणि काय सांगायचं ते
बराच वेळ आठवत राहिले.