चौथी ब, पट बेचाळीस

शुक्रवारी पाचच्या आत तक्ता वॉर्ड ऑफिसात हवा.
धर्म, प्रवर्ग, मातृभाषा.
रकाना रिकामा सोडू नये, अशी खाली टीप.

अँटॉप हिलच्या या वर्गात खिडकीशी बसून
मी एकेकाला टेबलापाशी बोलावते.
पहिले सतरा भराभर झाले.

मग यल्लप्पा.
"घरी काय बोलता रे?"
"आई मारते तेलुगूत,
नळावर भांडते हिंदीत,
आणि बाई, झोपेत बोलते ते कुणालाच कळत नाही."
वर्ग हसला.
मी कोड शोधत राहिले.

नाझनीन म्हणाली, बोलतो भोजपुरी,
पण अब्बूंनी सांगितलंय, उर्दू लिहा.
लिहिलं.
जेनिताला तमिळमधले आकडे येत नाहीत
आणि आजीला त्याशिवाय दुसरे येत नाहीत.

सुरमा काळे.
प्रवर्ग विचारला, तशी ती टेबलाला वळसा घालून
माझ्या बाजूला आली,
पंजाचा आडोसा केला
आणि कानात सांगितलं.
नऊ वर्षांची पोर.
हे कानात सांगायचं असतं
हे हिला कुणी शिकवलं?
मीही मान डोलावली, हळूच,
जणू आमचं दोघींचं काही ठरलंय.

तिघं गैरहजर होती.
त्यांचं मी आडनावांवरून भरलं.

हेडसर म्हणाले, पेन्सिल चालणार नाही, शाईनं गिरवा.
गिरवलं.
बेरीज घेतली: बेचाळीस.
जुळली.

कानाला अजून ऊब आहे,
खारे दाणे खाल्लेल्या
एका श्वासाची.