पाव इंच

इंगवले मास्तरांनी पुस्तक फाडलं नव्हतं,
ब्लेडनं पानं सोडवली होती शिवणीपासून,
जसे जखमेचे टाके काढतात.
सात चित्रं. अमेरिकेतली.
दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वीची.
"माउंट ऑफव्हाइट, पट्टी बारीक, काच साधी"
एवढं चिठ्ठीवर लिहून, शंभर रुपये ठेवून
ते गंगावेशीकडं गेले, सायकल हातात धरून.

पापाची तिकटीच्या अलीकडं आमचं दुकान.
अब्बा पट्टीला पंचेचाळीस अंशात काप देतात,
माउंट मी कापते.
चित्र बघायचे पैसे मिळत नाहीत,
पण बघावं लागतं.

पहिल्यात नुसता उजेड.
खाली नदी, पलीकडं डोंगर, आणि सगळं आभाळ
काहिलीत रस आटून फेस पिवळा पडतो ना,
गुळव्या म्हणतो आता जाळ कमी कर,
तिथंच थांबलेलं.
यात देव आहे, असं मास्तर सांगून गेलेत.
मला वाटलं, चित्रकाराला थंडी वाजत असणार
आणि कुणीतरी मागून म्हणत असणार, चला आता.

मग एक दरी, धबधबा,
आणि कडेला माणूस, मुगाच्या डाळीएवढा.
अब्बा म्हणाले, माप कळावं म्हणून काढतात तसा.
असेल.
पण त्याच्या भोवती झाडांचे बुंधे आहेत,
ताजे तोडलेले, आतून ओल्या खोबऱ्यासारखे.
ऊस तोडला की खोडवा फुटतो,
यांना काही फुटायचं नाही.
आणि एवढ्या मोठ्या दरीत आधी कुणीच राहत नव्हतं?
धूर नाही, पाऊलवाट नाही, एक फुटकं मडकं नाही.
इतकं स्वच्छ कधी झाडतात?
पाहुणे यायच्या आधी,
की कुणाला घालवून दिल्यावर?

घोड्याचा सौदा करणारे दोघं मला आवडले.
वडगावच्या बाजारात रुमालाखाली बोटं धरतात.
यांचे हात उघडे.
म्हणजे दोघंही खोटं बोलतायत.

सफरचंद सोलणारी बाई, बर्फातली गाडी, आणखी एक नदी
घाईत कापली. सोमवार, वीज जायची होती.

सातव्याला हात थांबला.
कोठार. दार सताड उघडं.
आत एक गोरा व्हायोलिन वाजवतोय,
दोघं गवताच्या भाऱ्यांवर रेलून ऐकतायत.
दाराबाहेर, अगदी कागदाच्या कडेला,
एक काळी बाई भिंतीला पाठ लावून उभी.
बादली खाली ठेवलेली.
म्हणजे काम थांबवून.
म्हणजे कुणी हाक मारली तर बोलणी खाणार.
आतल्यांना ती दिसत नाही.

माउंट चारी बाजूंनी पाव इंच चित्र खातो.
खावंच लागतं, नाहीतर कागद निसटतो.
पाव इंचात ती बरोब्बर बसत होती,
बादलीसकट.

"मापानं काप," अब्बा म्हणाले.
"गिऱ्हाईक माप देतं, आपण पाळायचं."
हेच अब्बा तरुणपणी देवल क्लबच्या जिन्यात
चप्पल हातात घेऊन गाणं ऐकायचे,
त्यांनीच सांगितलेलं.
आता आठवलं नसेल.
किंवा आठवलं म्हणूनच बोलले असतील.

मी उजवी बाजू सोडली.
कागदाची पांढरी कड उघडी पडली,
सगळं एका अंगाला कललं,
शिकाऊ पोरानं कापल्यासारखं.

मास्तर गुरुवारी आले.
सहा बघून मान हलवली.
सातवं दारात उजेडाला नेलं, चष्मा कपाळावर चढवून.
"तिरकं झालंय."
"हो," मी म्हटलं.
अब्बा वीस रुपये कमी करायला लागले.
मास्तरांनी काचेवर बोट टेकवलं,
बादलीपाशी, बराच वेळ.
मग बाहीनं बोटाचा डाग पुसला,
पैसे पुरे दिले
आणि सुतळी मागितली.

सहा कॅरिअरला बांधली.
सातवं काखेत धरून, एका हातानं सायकल ढकलत
रस्त्याच्या मधूनच निघाले,
मागनं रिक्षावाला हॉर्न वाजवत होता,
"ओ मास्तर, कडेनं चला की!"