कर्ता

मॉरीन हॅस्केलचं प्रत्येक वाक्य 'मी'ने सुरू होतं.
ड्युलूथच्या इस्पितळात चाळीस वर्षं नर्स:
मी पाहिलं, मी दिलं, खाली सही.

आता क्वेंकात, एक्वाडोरच्या डोंगरांत,
दोन्या सोइलाच्या शिवणयंत्रासमोर
ती स्पॅनिश शिकते, मंगळवार-शुक्रवार,
तासाला सहा डॉलर, कॉफी वेगळी नाही.

"तुमचा तो 'यो' जरा खिशात ठेवा,"
तोंडात टाचण्या धरून सोइला म्हणते,
"क्रियापदाच्या शेपटाला तो बांधलेलाच आहे.
'आब्लो' म्हटलं की बोलणाऱ्या तुम्हीच.
दारावर पाटी असताना नाव कशाला ओरडायचं?"

मॉरीन वहीतले 'यो' खोडते.
वाक्यं उघड्या डोक्याने थंडीत उभी.

मग 'मे गुस्ता एल मोते':
उकडलेला मका मला आवडतो.
इथे मकाच वाक्याचा मालक,
आपण नुसतं पंगतीला.

"दामे त्रायेन्दो पान!"
सोइला नातवाला हाक मारते. पाव आणून दे.
मॉरीन पुस्तक चाळते: दे, मला, आणताना, पाव?
असलं काही कुठल्याच धड्यात नाही.
"पुस्तक माद्रिदचं," सोइला म्हणते.
"पाव कोपऱ्यावरचा."

गेल्या शुक्रवारी कप फुटला, निळ्या काठाचा.
गुडघ्यांवर बसून तुकडे वेचताना मॉरीन म्हणाली,
"यो रोंपी ला तासा."
मी फोडला. भूतकाळ अचूक, शेवटचा आघातही.

यंत्र थांबलं.
"भिंतीवर फेकलात? रागाने?"
"नाही."
"मग 'से मे रोंपियो'. फुटला तो, त्याचा तो.
मधल्या त्या 'मे'त तुम्ही आहात,
जिच्या हातून फुटला ती."

"पण मग चूक कुणाची?"
"हे व्याकरण आहे, बाई. कोर्ट नाही."

यावर मॉरीन हसली असती एरवी.
टाचण्यांची डबी उघडत, मिटत राहिली.

नॉर्मनला मी गमावलं.
तिच्या भाषेत असंच म्हणतात,
जणू छत्री राहिली बसमध्ये.
एकोणीस वर्षं ती असंच म्हणत आलीय.
त्या रात्री त्या वॉर्डात ड्यूटी तिचीच होती.

"आणि माणूस," तिने विचारलं, "माणूस मेला तर?"

सोइलाने दोरा दाताने तोडला.
"तेच. 'से मे मुरियो'."

मेला. आणि मी त्या दोन अक्षरांत,
क्रियापदाच्या अलीकडे, हात पसरून.

मॉरीनने ते एकदा मोठ्याने म्हणून पाहिलं.
'र' अजून नीट वळत नाही.

कोण, कधी, सोइलाने विचारलं नाही.
दुसऱ्या कपात कॉफी ओतली, पुढे सरकवली.
"तोमा," म्हणाली. घे.
उस्तेदचं 'घ्या' नव्हे, वोसचं 'घे'.

शेपूट बदललेलं मॉरीनला ऐकू आलं.
वहीत तिने ते लिहून घेतलं नाही.