भरलेला

आधी वाजवायचा.
बोटाचं पेर दुमडून, खांद्याच्या जरा खाली,
दार ठोठावतो तसं नाही, झोपलेल्याला उठवतो तसं.
खणकन् बोलला तर अंगानं धड.
बद्द बोलला तर कुठंतरी केसाएवढी चीर आहे,
आणि ती सापडेपर्यंत भाव बोलायचा नाही.

मग आडवा करून बूड बघायचं.
नवा माल बुडाशी गोरा असतो, साबणाच्या वडीसारखा.
जुन्याची माती काजूगराच्या सालीसारखी तांबूस,
आणि जमिनीवर सरकून सरकून कड गुळगुळीत.
ती कड खोटी करता येते. मी केलेली आहे,
वाळू आणि ओल्या गोणपाटानं, एका दुपारीत.
कालवंसुद्धा चिकटवलीत सरसानं,
दर्यातून वर आलेली बरणी म्हणून
गोव्यातल्या एका हॉटेलाला विकायला.

नवाबागेत, द्वारका गिरपच्या मांगरात
तीन नग निघाले.
जिंजर बियरची बाटली, गळ्याशी तपकिरी, खाली पिठाळ,
शिक्का अर्धा पुसलेला. दीडशे.
तेलाचा बुधला, कान तुटका. चारशे.
कान असता तर हजार, असं म्हणायची पद्धत आहे.
आणि कोपऱ्यात, दादरा बांधलेला,
खाऱ्या बांगड्यांचा सट.

पपनसाच्या सालीसारखी कातडी.
खांद्यावरून निघालेले मधाळ ओघळ
बुडाआधीच थिजलेले.
चार कान, चारही शाबूत.
वाजवला. काहीच बोलला नाही.
वाकून बुडाशी हात फिरवला, तर होत्या :
दोन बाजूंना चार-चार बोटं.
झिलईत बुडवताना कुंभारानं जिथं धरला
तेवढ्या जागा कोऱ्या राहतात.
त्या मी विकणाऱ्याला दाखवत नाही.
त्यांनी आकडा दुप्पट होतो.

"बाराशे," मी म्हणालो.
"आणि बांगडे खंय ठेवू?"
"दोन हजार. वर प्लॅस्टिकचा पिंप देतो, झाकणाचा."
"पिंपात वास रवता," ती म्हणाली,
आणि माझ्या पायात येतो म्हणून
सट बाजूला करायला खाली बसली.
बघितलंसुद्धा नाही.
दोन्ही हात बुडाशी गेले,
आठही बोटं थेट त्या कोऱ्या जागांत,
आणि भरला सट हातभर सरकला.

"हंयसरच धरूक होयो," म्हणाली.
"दुसरीकडे खंय धरलास तर निसटता."

खरा आकडा जिभेवर आला होता.
तो गिळून मी बाटली आणि बुधला कागदात गुंडाळले,
साडेपाचशे मोजून दिले.
तिनं पन्नासची एक नोट उजेडात धरून पाहिली,
उलटी करून पुन्हा पाहिली, मग कनवटीला लावली.

रिक्षात वही उघडली.
तळव्यावरचं खारं पाणी वाळून पांढरं झालेलं,
पेन धरताना चरचरत होतं.
पहिल्या दोन नगांपुढं वय, गाव, दोष, किंमत.
तिसऱ्यापुढं दाभोली नाक्यापर्यंत काही सुचेना.
मग लिहिलं :
वाजवता आला नाही. भरलेला.