उपस्थित

पहिली वही निळी, किराणा दुकानातली.
सुरुवातीच्या चार पानांवर अजून उधारीचे हिशेब आहेत:
मैदा, रॉकेल, जाळ्याची सुतळी.
पाचव्या पानावर संस्था सुरू होते.

'ग्रुंडाविक. सात नोव्हेंबर एकोणीसशे छप्पन्न.
चर्चच्या तळघरात सभा. भट्टी बंद.
उपस्थित: अकरा आया, एक वडील.'
त्या वडिलांचं नाव नाही लिहिलेलं.
आई सांगायची, तो नुसता बायकोला सोडायला आला होता,
गाडीत गारठला म्हणून खाली उतरला
आणि पुढची एकोणीस वर्षं खजिनदार राहिला.

अक्षर गुडलॉग एर्लेंडसनचं.
सरोवरावरून, मासे सोलून, तशीच येत असणार;
कोपऱ्यात एक खवला चिकटलाय, साठ वर्षं.
नखानं काढायला गेले
आणि राहू दिला.

समितीला माझ्याकडून दोन पानं हवीत,
स्मरणिकेसाठी, फोटोंसकट.
बसतील की.
आलुबुखाराचे सात थरांचे केक विकून मिळालेले एकेचाळीस डॉलर,
जुनी शाळेची बस, उणे चौतीसमध्ये
जिच्या इंजिनाखाली कढईत निखारे ठेवावे लागत,
तळघरातला पहिला वर्ग, पाच मुलं, एक फळा,
सोल्वेग, जी फक्त बटणं रंगांप्रमाणे लावायची
आणि एक जरी हरवलं तरी कुणाला घरी जाऊ द्यायची नाही.
पाटी तीनदा रंगवली.
दर वेळी जुना शब्द लाजिरवाणा ठरला,
पण हवा दमट झाली की
तो आजही नव्या रंगाखालून वर येतो.

हे सगळं बसेल.

पण अठ्ठावन्नच्या मार्चमध्ये एक ओळ आहे:
'ओ. हनातिव यांनी विचारले,
आधीच पाठवून दिलेल्या मुलांचे काय.
चर्चा पुढील सभेत.'
ओ. हनातिव म्हणजे माझी आई.
पुढील सभेत छपराची चर्चा आहे.
त्याच्या पुढच्या सभेत केकची.
मी ओळींवरून बोट फिरवत गेले
बासष्ट, सदुसष्ट, एकाहत्तर.
बोट काळं झालं.

वासिलला सहाव्या वर्षी नेलं होतं
दक्षिणेच्या आगगाडीनं, लाल विटांच्या त्या लांबलचक घरात.
डॉक्टर म्हणाले होते, विसरून जा, दुसरं होईल.
दुसरी मी.
तो आला एकतीसचा होऊन,
कागदी पिशवीत दोन सदरे,
कॉलरवर नावाच्या जागी शिवलेला आकडा.
आमच्या स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून विचारलं,
बसू का?
मग खाऊ का? दिवा मालवू का?
आठ वर्षं विचारत होता.
सुरुवातीला आई हो म्हणायची, हो रे, हो.
नंतर तिनं उत्तरच बंद केलं,
नुसती खुर्ची मागे ओढायची.

चौऱ्याऐंशीची वही टंकलेली आहे.
ऑक्टोबर. विषय क्रमांक तीनच्या मध्येच
कुणीतरी पेनानं घुसवलंय:
'वासिल हनातिव म्हणाले, मी पण आहे.
अध्यक्ष म्हणाले, अर्थातच आहेस, वासिल.
ते म्हणाले, मग लिहा.'

अठ्ठावीस वर्षं लिहिलं होतं, 'मुले'.
मुले मजेत. मुलांना मोजे दिले.
त्यातली काही तोवर टक्कल पडलेली.
त्या रात्री उपस्थितांच्या यादीखाली
पहिल्यांदा एक वाकडी सही आली,
एवढी मोठी की दोन सभासदांची नावं तिच्याखाली गेली.

तेव्हापासून तो एकही सभा चुकवत नाही.
गुरुवारी दाढी करून, टाय लावून
खिडकीजवळच्या खुर्चीत बसतो, न विचारता.
आणि आलेल्या प्रत्येक ठरावाच्या विरोधात हात वर करतो.
नव्या बसच्या विरोधात. नव्या भट्टीच्या.
स्वतःच्या सत्काराच्याही.
का रे, मी एकदा विचारलं.
म्हणाला, चालतं. विचारलंय मी. चालतं.

बत्तीस वर्षं, प्रत्येक वहीत,
प्रत्येक ठरावाखाली, वेगवेगळ्या सचिवांच्या अक्षरांत:
एक मत विरुद्ध.

समितीला कळवलंय,
दोन पानं पुरणार नाहीत.